उकिरड्याची दैना

बारा वर्षांनी उकिरड्याचीही दैना फिटते, अशी एक जुनी म्हण आहे. संकटात सापडलेल्या मनुष्याला धीर देण्यासाठी ती वापरतात. परंतु ती प्रथम ज्याच्या तोंडून निघाली तो शेतकरी असला पाहिजे, हे सहज ध्यानात येते. खेड्यातील उकिरडा म्हणजे नुसती घाणीची जागा नव्हे. गोठ्यातील शेण, चुलीतील राख, झाडलोटीचा पालापाचोळा, भाजीची देठे, असे जे जे घराला नकोसे झाले ते ते तेथे जाऊन पडते, ऊनपावसात कुजते आणि मृगाच्या आधी गाड्या भरभरून शेतात जाते. ज्याला पाहून सारे नाक मुरडीत होते, त्याचेच पुढे कणीस होते. खरे पाहता तेथे उकिरड्याची दैना फिटायला बारा वर्षे लागतच नाहीत. वर्ष सरता सरता ती फिटते.

शहरातील उकिरड्याचे दैव मात्र निराळे आहे. शहराला गोठा नाही आणि शेतही नाही. तेथे घराघरांतून निघालेला कचरा गाडीत पडतो, गाडी नजरेआड होते आणि नागरिक हात झटकून मोकळा होतो. आपल्या दारातून गेलेली वस्तू जगातूनच नाहीशी झाली, असे त्याला वाटते. वास्तविक ती कोणाच्या तरी दारात जाऊन पडलेली असते.

मुंबईचेच उदाहरण घ्यावे. १८९६ साली त्या शहरात प्लेगची भयंकर साथ आली आणि दाट वस्ती व घाण एकत्र असली म्हणजे काय ओढवते, याची धास्ती सर्वांनीच घेतली. पुढे १९०६ साली कुर्ल्यापासून चेंबूरपर्यंत एक लोहमार्ग टाकण्यात आला. त्यावरून माणसे जात नव्हती. शहराचा कचरा जात होता. उतारूंसाठी तो मार्ग खुला झाला १९२४ साली. आज हार्बर मार्गाने चेंबूरला उतरणाऱ्या हजारो लोकांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल की, या रुळांवर पहिला मान कचऱ्याच्या गाडीचा होता! १९२७ साली देवनारची जमीन कचऱ्यासाठी वापरात आली. तीनशे एकरांहून मोठ्या त्या जागेवर वर्षामागून वर्षे कचरा पडत राहिला आणि खाडीकाठच्या सपाटीवर डोंगर उभे राहिले.

अशा डोंगराच्या पोटात काय चालते, ते समजून घेण्यासारखे आहे. खेड्यातील उकिरडा उथळ असतो. त्यात थोडीफार हवा खेळते. शहरातील ढीग उंच वाढला की खालच्या थरांपर्यंत हवा पोहोचत नाही. तेथे हवेवाचून जगणारे सूक्ष्म जीव आपले काम सुरू करतात. शिळा भात, केळीची साल, सडलेला आंबा यांचे विघटन करताना ते मिथेन नावाचा वायू निर्माण करतात. हा वायू डोळ्यांना दिसत नाही, त्याला स्वतःचा वासही नाही. परंतु तो चटकन पेट घेतो. शिवाय पृथ्वीवरून परत जाणारी उष्णता तो वातावरणात कोंडून धरतो. शंभर वर्षांचा हिशेब केला, तर एक किलो मिथेन एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अठ्ठावीसपट उष्णता कोंडतो, असे शास्त्रज्ञ सांगतात. ढिगातून झिरपणारे काळे पाणी जमिनीत उतरते, ते वेगळेच.

जानेवारी २०१६ च्या अखेरीस देवनारच्या या डोंगराला आग लागली. ती एका रात्रीत विझली नाही. कित्येक दिवस धुमसत राहिली. आकाशातून फिरणाऱ्या उपग्रहांनी घेतलेल्या छायाचित्रांतही तिचा धूर दिसला. आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. पुढे मार्च महिन्यात तेथे पुन्हा आग भडकली. या प्रसंगात एक गोष्ट विशेष विचार करण्यासारखी आहे. कचरा साऱ्या शहराचा होता. मलबार टेकडीवरील बंगल्याचा होता आणि दादरच्या चाळीचाही होता. धूर मात्र सर्वांत आधी गेला तो गोवंडीच्या आणि मानखुर्दच्या मुलांच्या छातीत. शहराची ही वाटणी न्यायाची आहे, असे कोण म्हणेल?

जो वायू ढिगाच्या पोटात असा नाहक जळतो, त्याच्यावर दिवा का लावू नये? आणि जो कचरा मोकळ्या जागी पेटून लोकांना गुदमरवतो, तोच भट्टीत जाळून त्याच्या उष्णतेवर वीज का तयार करू नये? हे प्रश्न आजचे नाहीत. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी ते लोकांना सुचले होते, आणि योगायोग असा की, दोन्ही प्रश्नांची दोन उत्तरे १८९७ या एकाच सालाशी निगडित आहेत.

पहिले उत्तर लंडनचे. त्या शहराच्या शोरडिच नावाच्या भागात जून १८९७ मध्ये एक कारखाना सुरू झाला. लॉर्ड केल्व्हिन या विख्यात शास्त्रज्ञाच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. वस्तीतील कचरा भट्टीत जाळावयाचा, त्या उष्णतेने पाण्याची वाफ करावयाची आणि त्या वाफेवर यंत्रे चालवून वीज काढावयाची, अशी ती योजना होती. धुळीतून प्रकाश आणि शक्ती, अशा अर्थाची लॅटिन अक्षरे त्या इमारतीवर कोरलेली आहेत. कारखाना केव्हाच बंद झाला. त्या इमारतीत आता सर्कशीची कला शिकविणारी शाळा भरते. पण अक्षरे अजून आहेत.

दुसरे उत्तर मुंबईचेच आहे. माटुंग्याला कुष्ठरोग्यांचा एक आश्रम होता. तेथील मैला ज्या बंद टाकीत साठत असे, त्या टाकीतून निघणारा वायू गोळा करून त्यावर इंजिन चालविल्याची नोंद १८९७ सालची आहे. समाजाने ज्यांना गावाबाहेर काढले होते त्या दुर्दैवी माणसांच्या वस्तीत, समाज ज्याला सर्वांत हीन समजतो त्या पदार्थापासून शक्ती निर्माण झाली! या घटनेला लॉर्ड केल्व्हिन लाभले नाहीत. म्हणूनच की काय, मुंबईकरांना आज तिची फारशी आठवण नाही.

एक वाट आगीची आणि दुसरी आंबवण्याची. दोन्ही वाटा खऱ्या आहेत. परंतु कोणता कचरा कोणत्या वाटेने न्यावा, याचा विवेक न करता केलेला खर्च फुकट जातो. आपल्या देशात हे अनुभवाने सिद्ध झाले आहे.

१९८७ साली दिल्लीत तिमारपूर येथे डेन्मार्कच्या साहाय्याने एक मोठी भट्टी उभारण्यात आली. दिवसाला तीनशे टन कचरा जाळून पावणेचार मेगावॅट वीज निर्माण करण्याची तिची क्षमता होती. यंत्रे उत्तम होती, कारागीर कुशल होते, आणि भट्टी चालली किती दिवस? अवघे एकवीस. याचे कारण कोणत्याही गृहिणीला न शिकता कळेल. पावसात भिजलेले सरपण चुलीत घातले तर काय होते? आधी त्यातले पाणी उडविण्यातच सारी उष्णता खर्ची पडते. चूल धुमसते, घर धुराने भरते आणि भात कच्चाच राहतो. दिल्लीच्या कचऱ्यात भाजीपाला, खरकटे आणि झाडलोटीची माती यांचाच भरणा होता. भट्टी बांधताना जेवढी उष्णता त्यातून मिळेल असे धरले होते, त्याच्या निम्मीही मिळाली नाही. शोरडिचच्या कचऱ्याची गोष्ट निराळी होती; लंडनच्या घराघरांत दगडी कोळसा जळत असे आणि राखेबरोबर अर्धवट जळालेले निखारेही केरात जात. तो केर पेटण्यासारखा होता. आपला केर मुख्यतः स्वयंपाकघरातला. त्याला आग नको, टाकी हवी.

ओला कचरा तसाच भट्टीत लोटण्यात आणखी एक धोका आहे. भट्टीतील उष्णता पुरेशी राहिली नाही, तर प्लॅस्टिकसारखे पदार्थ नीट जळत नाहीत आणि त्यांच्या धुरातून डायॉक्सिन नावाची अत्यंत विषारी द्रव्ये बाहेर पडतात. ती उत्पन्न होऊ नयेत म्हणून भट्टीतील वायू किमान ८५० अंश सेल्सिअस उष्णतेत दोन सेकंद तरी राहावे लागतात, आणि नंतर तो धूर गाळून, धुऊन मगच धुराड्यात सोडावा लागतो. दिल्लीतच ओखला येथे २०१२ साली दुसरी भट्टी सुरू झाली. तिच्या धुराविरुद्ध शेजारच्या रहिवाशांनी न्यायासनापुढे गाऱ्हाणे मांडले आणि २०१७ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने चालकांना पंचवीस लाख रुपये भरावयास लावले. प्रदूषण घालविण्यासाठी बांधलेल्या यंत्रानेच प्रदूषण करावे, यासारखी विपरीत गोष्ट दुसरी कोणती!

यावर कोणी म्हणेल की, युरोपात तर अशा भट्ट्या शहराच्या मध्यभागी चालतात. म्हणणे खरे आहे. कोपनहेगन येथे २०१७ साली सुरू झालेल्या भट्टीचे छप्पर उतरते असून त्यावरून लोक घसरत जाण्याचा खेळ खेळतात! परंतु त्या नगरात थंडी कडाक्याची असते. भट्टीची उष्णता गरम पाण्याच्या रूपाने नळांतून घरोघर नेली जाते. म्हणजे विजेचा लाभ होतो आणि उबेचाही. मुंबईत किंवा नागपुरात अशी ऊब कोणी फुकट दिली तरी कोण घेईल?

आता टाकीच्या वाटेकडे वळू. गोबरगॅसची टाकी महाराष्ट्रातील पुष्कळ खेड्यांना परिचित आहे. शेण पाण्यात कालवून बंद टाकीत सोडावयाचे. वर साठणारा वायू नळीने शेगडीपर्यंत आणावयाचा. खाली उरलेला रबडीसारखा गाळ शेताला द्यावयाचा. देवनारच्या डोंगरात जे सूक्ष्म जीव बेवारशी काम करतात, त्यांनाच येथे घर बांधून दिलेले असते, एवढाच फरक. पुण्याचे डॉ. आनंद कर्वे यांनी या टाकीविषयी एक मार्मिक विचार केला. शेण हे जनावराने आधीच पचवून टाकलेले असते. त्यातील बराचसा कस निघून गेलेला असतो. मग सूक्ष्म जीवांना चोथा देण्याऐवजी सकस अन्नच का देऊ नये? शिळी पोळी, भात, खराब झालेले धान्य घातले तर अगदी थोड्या मालावर तेवढाच वायू मिळतो आणि टाकीही लहान पुरते. त्यांच्या संस्थेने बनविलेल्या अशा घरगुती संयंत्राला २००६ साली अ‍ॅशडेन पारितोषिक मिळाले.

देवनारपासून फार दूर नसलेल्या ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी हेच काम मोठ्या प्रमाणावर होईल असे संयंत्र सिद्ध केले. त्याचे नाव ‘निसर्गऋण’. निसर्गाकडून जे घेतले ते त्याला परत करावे, असा त्या नावाचा भाव आहे. त्यात ओला कचरा प्रथम वाटून त्याचा लगदा करतात, मग तो गरम पाण्याच्या साहाय्याने एका टाकीत अर्धवट पचवितात आणि नंतर हवा नसलेल्या दुसऱ्या मोठ्या टाकीत सोडतात. गोव्यातील सालीगाव येथे जुना कचऱ्याचा ढीग होता. तेथे २०१६ साली दिवसाला शंभर टन कचरा हाताळणारे केंद्र सुरू झाले. तेथेही ओल्या कचऱ्याचा वायू करून त्यावर वीज निर्माण होते.

या विजेविषयी मात्र भलत्या आशा बाळगणे बरे नव्हे. वर्तमानपत्रांतून कधी कधी असे भासविले जाते की, कचऱ्याच्या विजेने सारी नगरे उजळून निघतील. हिशेब करून पाहावा. एक टन ओल्या कचऱ्यापासून निघणाऱ्या वायूवर साधारण दीडशे युनिट वीज मिळते. मुंबईत दिवसाला सहा हजार टनांहून अधिक कचरा निघतो. त्यातील निम्मा, म्हणजे तीन हजार टन ओला धरला, तर साडेचार लाख युनिट झाले. आकडा मोठा वाटतो. परंतु दिवसाच्या चोवीस तासांत वाटला तर ही शक्ती एकोणीस मेगावॅटांच्या आसपास भरते, आणि उन्हाळ्यात मुंबईची विजेची मागणी चार हजार मेगावॅटांच्या वर जाते. म्हणजे दोनशे दिव्यांमागे जेमतेम एक दिवा कचऱ्यावर जळेल. शिवाय पंप व वाटण्याची यंत्रे चालविण्यासाठी त्यातूनच थोडी वीज खर्च होणार.

मग हा खटाटोप कशासाठी? तो त्या एका दिव्यासाठी नव्हे. तीन हजार टन कचरा टाकीत गेला, म्हणजे दहा टनांच्या तीनशे गाड्या त्या दिवशी कचऱ्याच्या डोंगराच्या वाटेने गेल्या नाहीत. डोंगर तेवढा वाढला नाही. त्याच्या पोटात तेवढा मिथेन साठला नाही. तेवढे काळे पाणी जमिनीत उतरले नाही. आणि टाकीत उरलेला गाळ खत होऊन एखाद्या शेतात पडला. वीज ही या व्यवहारातली वरकड प्राप्ती आहे. तिचे भांडवल करून जो योजना मांडतो, तो युनिटांचे आकडे कमी पडताच योजना गुंडाळून टाकतो. आरोग्यासाठी जो ती मांडतो, त्याच्यावर तशी पाळी येत नाही.

परंतु टाकी चालावयाची तर तिच्यात जाणारा कचरा निर्मळ हवा. ‘निर्मळ कचरा’ हा शब्दप्रयोग ऐकून हसू येईल. तरी तो अगदी यथार्थ आहे. भाताबरोबर प्लॅस्टिकची पिशवी गेली तर ती वाटणयंत्राच्या पात्याला गुंडाळते. काचेचा तुकडा, बॅटरीचा सेल, औषधाची उरलेली बाटली यांनी टाकीतील सूक्ष्म जीव मरतात किंवा तिच्यातील खत निरुपयोगी होते. ओला आणि सुका कचरा एकदा गाडीत एकत्र कालवला गेला, की तो पुन्हा वेगळा करणे हे दुधातून पाणी काढण्यासारखे आहे. ही निवड घरातच, ओट्याशेजारी व्हावी लागते. २०१६ सालच्या केंद्र सरकारच्या नियमांनी ओला, सुका आणि घातक असे तीन भाग घरीच करावयास सांगितले, ते याच कारणासाठी.

यावर सुशिक्षित माणसेदेखील एक सबब सांगतात. ‘आम्ही पट्टी भरतो; कचरा निवडणे हे नगरपालिकेचे काम,’ असे त्यांचे म्हणणे असते. पण नगरपालिका म्हणजे कोणी अदृश्य देवता नव्हे. एकत्र टाकलेला कचरा शेवटी कोणी तरी हातांनीच निवडतो. ते हात बहुधा एखाद्या कष्टकरी स्त्रीचे असतात, आणि खरकट्यात लपलेली फुटकी काच किंवा टोचणीची सुई त्या हातांना लागते. कचरा वेगळा ठेवायला घरी अर्धे मिनिट लागते. पट्टी भरल्यामुळे दुसऱ्याच्या हाताला जखम करण्याचा अधिकार कोणाला मिळत नाही.

पुण्यात या स्त्रियांनी १९९३ साली आपली संघटना उभारली. ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ हे तिचे नावच तिच्या कामाची यादी सांगते. पुढे २००८ पासून त्यांच्या ‘स्वच्छ’ नावाच्या सहकारी संस्थेने महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलण्याचे काम अंगावर घेतले. आपल्या कानाकोपऱ्यांतून कागद, काच, पत्रा आणि प्लॅस्टिक गोळा होऊन पुन्हा कारखान्यात जाते, ते बहुतांशी अशा लोकांच्या श्रमांवर. कागद जाळून मिळणाऱ्या उष्णतेपेक्षा त्याच कागदाचा पुन्हा कागद करणे कितीतरी हिताचे, कारण त्यात झाड वाचते, पाणी वाचते आणि एका कुटुंबाची भाकरीही वाचते.

आता उरला तो चिंध्या, फाटकी पादत्राणे, मळलेली वेष्टने असा कचरा, जो कुजतही नाही आणि कोणी विकतही घेत नाही. त्याच्यासाठी भट्टी अवश्य असावी. पुण्याजवळ मोशी येथे पिंपरी-चिंचवडच्या महापालिकेसाठी चौदा मेगावॅटांचे असे केंद्र २०२३ साली सुरू झाले आहे. तेथे आधी कचरा निवडला जातो, हे योग्यच आहे. मात्र भट्टी केवढी बांधावी, याचा विचार बांधण्यापूर्वी व्हावा. भट्टी ही भुकेली वस्तू आहे. एकदा कोट्यवधी रुपये घालून ती उभारली, की तिला रोज ठरलेला घास द्यावाच लागतो. सुका कचरा कमी पडू लागला तर चालकांची दृष्टी कागदाकडे वळते, आणि तोही कमी पडला तर ओल्या कचऱ्याकडे. डेन्मार्कमध्ये भट्ट्या गरजेहून मोठ्या झाल्या आणि त्यांच्यासाठी परदेशातून कचरा आणण्याची वेळ आली. अखेर भट्ट्यांची क्षमता २०३० पर्यंत तीस टक्क्यांनी कमी करावी, असे त्या देशाने २०२० साली ठरविले.

म्हणून नगरपालिकांनी भट्टीचा करार करताना रोज इतके टन कचरा पुरवू, असे वचन देऊ नये. ओला कचरा टाकीत गेल्यावर आणि विकण्याजोगा माल वेचणाऱ्यांच्या हाती पडल्यावर जे उरेल तेवढेच भट्टीला मिळेल, ही अट करारात आधी घालावी, आणि उरतो किती हे वर्षभर तराजूवर मोजून मगच भट्टीच्या पायाचा पहिला दगड बसवावा.